कॅसेटच्या कव्हरवर नसलेलं नाव

रेकॉर्डिंगच्या धंद्यात गाणं वाजतं चार मिनिटं. बाकीचा दिवस वायर शोधण्यात, गायकाचा घसा मोकळा होण्याची वाट बघण्यात आणि "मोबाईल कुणाचा चालूय?" असं ओरडण्यात जातो. त्या मधल्या वेळात माणसं चहा पितात आणि किस्से सांगतात. राजारामपुरीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत आजवर किती गाणी झाली ते विचारलंत तर सांगता येणार नाही, पण किस्से सगळे पाठ आहेत. आणि त्यातले निम्मे एकाच माणसाचे आहेत!

तो माणूस म्हणजे जॉनी मगदूम. ऐंशीच्या दशकात कोल्हापूर-सांगलीकडं ज्यांचं बालपण किंवा तारुण्य गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. चंदेरी जॅकेट, मानेवर रुळणारे केस, गुडघ्याखाली तंबू झालेली पँट. खरं नाव जिनदत्त, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याचा थोरला मुलगा. त्याचं एक गाणं इतकं गाजलं की त्याचं मूळ नाव लोक विसरले आणि सगळे त्याला 'फटफटीचं गाणं' म्हणू लागले. शाळेच्या गॅदरिंगला, गणपतीत, लग्नाच्या वरातीत माणसं हवेतल्या हवेत हँडल धरून त्यावर नाचायची. अजून नाचतात.

मी जॉनी मगदूम यांच्या ऑर्केस्ट्रात साउंड ऑपरेटर होतो. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, मीही म्हणायचो. पण खरं सांगायचं तर मला त्या माणसाची किंमत नव्हती. 'जॅकेट काढलं तर आत काय उरतंय?' हे वाक्य त्या काळात कोल्हापुरात फार चाललं होतं. ते वाक्य माझं! त्यावर हशा मिळवलाय मी, टाळ्या घेतल्यात. आज त्याची लाज वाटते.

त्याचं कारण असं. दोन महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीनं त्या जुन्या कॅसेट ऑनलाइन आणायचं ठरवलं. मूळ टेप साफसफाईला माझ्याकडं आल्या आणि त्यांच्याबरोबर एक फॉर्म आला. गाण्यात काय काय कुणी वाजवलं, संयोजन कुणाचं, निर्मिती कुणाची. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, "एकदा अपलोड झालं की पुढं हेच रेकॉर्ड राहणार, नीट भरा." कॅसेटच्या कव्हरवर आठ-नऊ नावं होती आणि जॉनी मगदूम हे नाव फक्त 'गायक' या शब्दापुढं होतं. आण्णांना विचारलं तर म्हणाले, "कव्हरवर हाय तसं उतरीव आन् दे पाठवून."

पण मी मधल्या काळात टेप ऐकल्या होत्या आणि बहुतेक वाद्यांत मला एकच हात ऐकू येत होता. त्यामुळं मला ते उतरवता येईना.

* * *

ही गाणी रेकॉर्ड कुठं झाली? लोकांना वाटतं मुंबईला. झाली आण्णांच्या वडिलांच्या वखारीत!

त्या वखारीत गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे मोठ्या ढेपांच्या, छतापर्यंत थप्प्या असायच्या, प्रत्येक रव्यावर गोणपाट. आण्णा एकदा आत जाऊन खोकले आणि त्यांच्या लक्षात आलं की खोकला घुमत नाही. दुसऱ्या दिवशी चार ट्रॅकचं टेप मशीन तिथं आलं. गाणं सुरू करण्याआधी आण्णा मध्ये उभे राहून एक टाळी वाजवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि हमालांना सांगायचे, "डावीकडचे चार रवे मागं घ्या." परत टाळी. "त्यातले दोन पुढं आणा." हमाल आपापसांत म्हणायचे, "थोरलं लेकरू वाया गेलं." मीही तेच म्हणत होतो. मशीनमध्ये मुंग्या शिरायच्या, त्या ब्रशनं झाडणं हे माझं काम होतं, त्यामुळं माझा राग जास्त होता.

पहिली बाजू रेकॉर्ड झाली आणि तेवढ्यात गुळाचा दर चढला. वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सकाळच्या सौद्यात सगळा माल काढला. आण्णा हात जोडून उभे. "आप्पा, दोन दिवस थांबा. अजून चार गाणी राहिल्यात."

आप्पा म्हणाले, "माझा गूळ काय तुझ्या गाण्यासाठी पिकतोय व्हय?"

झालं! दुसरी बाजू रिकाम्या वखारीत रेकॉर्ड करावी लागली. आण्णांनी मग सगळ्या चाली बदलल्या, वाद्यं निम्मी केली, दोन सुरांमध्ये जागा सोडली आणि त्या घुमण्यालाच गाण्यात घेतलं. कॅसेट गाजल्यावर पुण्याहून एक मोठे संगीतकार मुद्दाम भेटायला आले. त्यांना दुसऱ्या बाजूचा तो घुमारा फार आवडला होता. "कुठलं मशीन वापरलंत? इथं कसं मिळालं तुम्हाला?"

आण्णा म्हणाले, "मशीन न्हाय हो. माल गुजरातला गेला."

ते गृहस्थ बराच वेळ मान हलवत होते.

* * *

आता फटफटी. गाण्याच्या सुरुवातीला ती जी किक मारून सुरू होते, धडधडते आणि लांब जाते, ती कुणाची गाडी होती यावर कोल्हापुरात पैजा लागल्यात. अमक्याच्या काकांची, तमक्याच्या सासऱ्यांची. निदान दहा घरांतून मी ऐकलंय की ती गाडी आमची!

कुणाचीच नव्हती. खऱ्या तीन गाड्या वखारीत आणून बघितल्या होत्या. टेपवर तिन्ही पिठाच्या गिरणीसारख्या वाजल्या. मग आण्णांनी बास गिटारची जाडी तार ढिली केली, तिच्यावर अंगठा मारायला लागले आणि दुसऱ्या हातानं पत्र्याच्या डब्यावर रंगाचा ब्रश. दोन तासांत गाडी सुरू झाली. आम्ही खूश.

आण्णा खूश नव्हते. ते टेप घेऊन व्हीनस कॉर्नरजवळच्या एका मेकॅनिककडं गेले. सलीमभाई त्यांचं नाव. त्यांना काही न सांगता टेप लावली. सलीमभाईंनी हातातला पाना खाली ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "टायमिंग गेलंय हिचं. तिसऱ्या गिअरला दम खाणार. कुणाची हाय?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. आण्णा वखारीत परत आले आणि अंगठ्याचा ठेका बदलून पुन्हा वाजवलं. पुन्हा सलीमभाईंकडं. "आता जरा बरी हाय. पण चढाला न्यायची न्हाय." तिसऱ्यांदा वाजवलं. त्या खेपेला सलीमभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, हात पुसले आणि म्हणाले, "आता जोतिबाला जावा डबल सीट!"

आज कॉम्प्युटरवर मी तो ट्रॅक एकटा काढून ऐकतो तेव्हा मला कळतं की हा माणूस काय करत होता. एका अंगठ्यात त्यानं गिअर बदललेत! आणि मी त्या वेळी वखारीच्या दारात बसून 'जेवायला कधी सोडणार' याचा विचार करत होतो.

* * *

मुंबईच्या संयोजकाची गोष्ट सुनंदावहिनी सांगतात तशी मला सांगता येणार नाही. वहिनी म्हणजे आण्णांच्या पत्नी. घर कडक जैन, दिवस मावळायच्या आत जेवण. ऑर्केस्ट्राच्या धंद्यात हे म्हणजे अवघडच, कारण आमचा दिवस सुरू व्हायचा दिवस मावळल्यावर. पण आण्णांनी नियम मोडला नाही. कार्यक्रम असला की जेवूनच निघायचे आणि रेकॉर्डिंग असलं की वहिनी वखारीच्या दारात येऊन म्हणायच्या, "ऊन गेलं!" की हातातलं वाद्य खाली.

एकदा मुंबईहून एक नावाजलेले संयोजक आले. कॅसेट काढणाऱ्या कंपनीनंच पाठवले होते, 'गावाकडच्या पोरांना जरा वळण लावा' म्हणून. त्यांनी दिवसभर एकच कडवं घोळलं. संध्याकाळी कुठं रंग चढायला लागला आणि दारातून आवाज आला, "ऊन गेलं!"

आण्णा उठले. साहेब म्हणाले, "अहो, शेवटचा टेक!"

आण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, उजेडात सापडलं न्हाय ते अंधारात कुठं शोधायचं? जेवाय चला."

साहेब रागानं जेवले आणि पहाटेच्या गाडीनं गेले. राहिलेलं गाणं आण्णांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवलं. कव्हरवर 'संगीत संयोजन' म्हणून साहेबांचंच नाव आहे! मी तेव्हा विचारलं होतं, हे कशाला? म्हणाले, "एवढ्या लांबनं आलते बिचारे."

वहिनींनी परवा मला एक पत्र्याचा डबा दिला. आत सौद्याच्या जुन्या पट्ट्या होत्या, म्हणजे शेतकऱ्याला माल विकल्यावर द्यायच्या त्या पावत्या. त्यांच्या कोऱ्या पाठीवर आण्णांच्या अक्षरात प्रत्येक गाण्याचं प्रत्येक वाद्य लिहिलेलं होतं. कुठं थांबायचं, कुठं हळू, कुठं नुसतं एक बोट. दिवस मावळायच्या आत काम संपवायचं म्हणून हा माणूस आदल्या दिवशीच सगळं गाणं कागदावर वाजवून ठेवायचा. वहिनी म्हणाल्या, "घरात भांडं पडलं तरी सांगायचे कुठला सूर हाय. मला वाटायचं चेष्टा करतात."

मलाही तसंच वाटायचं, वहिनी.

* * *

बरीचशी वाद्यं आण्णा सकाळी मी यायच्या आधीच भरून ठेवायचे, त्यामुळं कुठलं कुणी वाजवलं ते मी बघितलं नव्हतं. मग मी कव्हरवरच्या नावांना फोन करायला सुरुवात केली. बास गिटार, शौकत. शौकत पुढं मुंबईला गेला आणि आयुष्यभर तिथं वाजवून आता निवृत्त झालाय. म्हटलं, "शौकत, फटफटीच्या गाण्यातला बास तुझा हाय न्हवं?"

पलीकडून हसण्याचा आवाज. "अरे संजू, त्या वर्षी मला बास धरता पण येत नव्हता!"

"मग कव्हरवर नाव?"

"मी मुंबईला निघालो होतो. ओळख नाही, पाळख नाही. जॉनी म्हणाला, हे कव्हर खिशात ठेव, काम मागायला उपयोगी पडेल. कव्हर बघून मला पहिल्याच आठवड्यात काम मिळालं! आता मिळालं म्हटल्यावर वाजवायला लागणार. मग रात्रंदिवस एक करून शिकलो. माझं नाव आधी छापून आलं, वाजवायला मी मागनं लागलो."

मी विचारलं, "मग फॉर्मवर काय लिहू?"

शौकत म्हणाला, "त्याचं लिही. माझं काम झालं त्या नावावर. आता त्याचं त्याला दे."

असे मी सहा फोन केले. सहाही जणांची कहाणी थोड्याफार फरकानं हीच. कुणाचं लग्न जमायचं होतं, कुणाला रेडिओवर ऑडिशन द्यायची होती, एकाच्या वडिलांना नुसतं दाखवायचं होतं की मुलगा उनाडक्या करत नाही. सहाही जण म्हणाले, जॉनीचं लिही. संयोजनाला तर वहिनींच्या डब्यातल्या पट्ट्याच पुरावा होत्या. फॉर्म भरत चालला होता आणि मला फार बरं वाटत होतं. एवढ्या वर्षांपूर्वी जे बोललो ते थोडं तरी पुसलं जाईल असं वाटत होतं.

राहिली हलगी.

* * *

त्या गाण्याच्या मधोमध गायन थांबतं आणि नुसती हलगी वाजते. लोक नाचायला उठतात ते त्या तुकड्याला. आणि तो तुकडा म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्रातला बापू. बापू आता सत्तरीला आलाय. गल्लीतल्या मैदानावर रोज संध्याकाळी हलगी शिकवतो, बाहेर बोर्ड आहे, 'फटफटी फेम हलगीवादक बापू'. कुठल्याही गावात गेला तरी माणसं तो तुकडा वाजवायला लावतात. कव्हरवर नाव आहेच. त्यामुळं इथं काही विचारायचा प्रश्न नव्हता.

प्रश्न आला तो एका वेगळ्या किश्शातून. बिद्रीकडं एक कार्यक्रम होता, कॅसेट यायच्या आधीच्या महिन्यातला. आमचा कीबोर्डवाला तापानं फणफणला. वाजवणार कोण? आण्णा म्हणाले, मी वाजवतो. पण जॅकेट घालून नाचणार कोण? लोक तर जॅकेट बघायला आलेले! शेवटी आण्णा पडद्यामागं कीबोर्ड घेऊन बसले, तिथनंच गायले आणि पुढं जॅकेट घालून तोंड हलवत नाचला बापू. अंगावर लाइट असे होते की चेहरा कुणाला दिसतच नव्हता. कार्यक्रम झाल्यावर एका पुढाऱ्यांनी बापूला हार घातला. "फोटोत लई उंच दिसतासा की हो!"

बापू म्हणाला, "ती जिन्यावर काढल्याती."

त्या वेळी आण्णा मागच्या बाजूनं स्पीकर उचलून आणत होते. एक कार्यकर्ता त्यांच्यावर ओरडला, "ओ पावणं, जरा बाजूला व्हा की, जॉनीसायबास्नी जाऊ द्या!" आण्णा बाजूला झाले. परतताना टेम्पोत आम्ही पोट धरून हसत होतो आणि आण्णा म्हणाले, "आज पयल्यांदा माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळी नुसतं ऐकत होती." आम्ही त्यावरही हसलो.

हा किस्सा मी शंभर वेळा सांगितलाय. या खेपेला सांगताना मध्येच थांबलो. बापूच का नाचला? बापूला तर हलगी वाजवायची होती. आणि मग आठवलं. बापूच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं! महिन्यापूर्वी टेम्पो उलटला होता आणि मनगट मोडलं होतं. जॅकेटच्या लांब बाहीत ते प्लास्टर लपलं होतं.

आणि हलगीचा ट्रॅक त्याच महिन्यात रेकॉर्ड झाला होता, त्या दिवशी मशीनवर मी नव्हतो.

मी स्टुडिओत जाऊन तो ट्रॅक एकटा लावला. सुरुवातीला शांतता, मग हलगी, आणि तुकडा संपल्यावर मशीन बंद व्हायच्या आधी एक आवाज. आण्णांचा, तरणा, दमलेला. "कव्हरवर बापूचं नाव घाला. न्हायतर ह्यो हंगाम जाईल त्येचा."

यात्रांच्या हंगामात ज्याचं नाव ऐकू येत नाही त्याला पुढच्या वर्षी कुणी बोलवत नाही, हा आमच्या धंद्यातला रिवाज. मी हेडफोन काढून ठेवला.

* * *

दुसऱ्या दिवशी आण्णांकडं गेलो. त्यांच्यासमोर फॉर्म ठेवला. म्हटलं, "आण्णा, सगळं भरलंय. बास तुम्ही, कीबोर्ड तुम्ही, संयोजन तुम्ही, निर्मिती तुम्ही. सहा जणांनी हो म्हटलंय. एक हलगी राहिलीय."

आण्णांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. मला वाटलं, चिडणार. पण ते म्हणाले, "त्यास्नी जर चालत आसंल तर लिही बाकीचं. हलगीपुढं बापू."

"आण्णा, टेप ऐकलीय मी."

"मग ऐकलंस तर ऐकलंस. हलगीपुढं बापू."

मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, "मी खोटं लिहिणार नाही. आयुष्यभर तुमच्याबद्दल खोटंच बोलत आलो. आता नाही बोलणार."

"आन् त्येच्या बोर्डाचं काय करतोस? पोरं शिकाय येत्यात त्येच्याकडं. त्यास्नी काय सांगू, तुमच्या मास्तरनं वाजवलीच न्हाय म्हणून? ह्या वयात?" आण्णांचा आवाज चढला. मग खाली आला. "त्यो आन् मी त्या दिवसापास्नं ह्या इषयावर एक शब्द बोलल्यालो न्हाय. त्येनं इचारलं न्हाय, मी सांगिटलं न्हाय."

खरं लिहावं तर बापू जातो आणि खोटं लिहावं तर आण्णा. पुण्याच्या साहेबांचा फोन सकाळीच येऊन गेला होता, सोमवारी फॉर्म पाहिजे. वहिनींनी पोहे आणून ठेवले, ते तसेच राहिले.

शेवटी आण्णांनी फॉर्म घडी करून माझ्या खिशात घातला. "तुला खोटं लिहायचं न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग खरं करू. माझी हलगी काढून टाक आन् रविवारी बापूला बोलीव. वाजवू दे त्येला."

मी या धंद्यात चाळीस वर्षं आहे. चुकलेलं नाव दुरुस्त करताना पुष्कळ बघितलंय. नाव तसंच ठेवून गाणं दुरुस्त करणारा हा एकच निर्माता मी पाहिला.

* * *

रविवारी सकाळी बापू आला. मी त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं की कंपनीला मधला तुकडा नव्यानं पाहिजे. त्यानं काही विचारलं नाही. इस्त्रीचा सदरा घालून आला होता. आल्या आल्या पॅसेजमध्ये पेपर पेटवून हलगी शेकायला बसला, कातडं तापल्याशिवाय ती बोलत नाही. धूर बघून वरच्या मजल्यावरचे क्लासवाले सर खाली धावत आले! त्यांची समजूत घालण्यात अर्धा तास गेला.

बापू काचेपलीकडं उभा राहिला. अलीकडं मी आणि शेजारी आण्णा. आण्णा गुडघ्यावर बोटं वाजवत होते. बापूच्या हेडफोनमध्ये मी सगळं गाणं सोडलं, फक्त जुन्या हलगीचा ट्रॅक बंद ठेवला. आण्णांनी सांगितलं होतं तसं.

गाणं सुरू झालं. फटफटी गेली, पहिलं कडवं गेलं, मधली जागा आली. बापू उभाच. काठी हातात, हलगी छातीशी, आणि वाजवेना.

मी गाणं थांबवलं. बापू माईकमध्ये म्हणाला, "ह्यात हलगी न्हाय."

आण्णांनी आमच्या बाजूच्या माईकचं बटण दाबलं. "ती काढलीया बापू. तिथं तू वाजवायचास."

"कुणी सांगिटलं काढाय?"

आण्णांनी बटणावरचं बोट काढलं.

"चालू कर की रं संजू," बापू मला म्हणाला. "प्लास्टर निघाल्यावर दोन महिने ही कॅसेट लावून लावून हात बसवलाय म्या. ती वाजल्याबिगर मला वाजवाय येत न्हाय."

मी आण्णांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली की नाही ते मला नक्की सांगता येणार नाही. मी ट्रॅक चालू केला.

फटफटी गेली, कडवं गेलं, आणि त्या बारक्या खोलीत दोन हलग्या सुटल्या. एक तिशीतल्या माणसाची, वखारीतली. एक सत्तरीतल्या माणसाची, काचेपलीकडची. कुठली कुठं संपते ते मला, साउंडच्या माणसाला, कळत नव्हतं. तुकड्याच्या दुसऱ्या फेरीला मात्र दोन्ही जरा पुढं धावल्या. आण्णांचं बोट सवयीनं बटणावर गेलं.

"बापू, दुसऱ्या फेरीत घाई करतोयस."

"मी न्हाय," बापू म्हणाला. "तू करतोयस. मी तुझ्या मागनं हाय."

आण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. मग बटण दाबून म्हणाले, "परत घ्यायचं?"

बापूनं काठी सावरली.

"घे. पण ह्या खेपंला तू जरा दमानं."